वीराची चिता आणि विदर्भाची माती

‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातील वीराचा अंत्यविधी निव्वळ कविकल्पना आहे काय, असे मोताळा तालुक्यातील मौजे धामणगाव बढे येथील एका वाचकाने पत्राने विचारले आहे. चितेभोवती शिरस्त्राणे, ढाली व चिलखते टांगलेली, दहा दिवस खपून सागरतटावर रचलेले टेकाड, त्यात पुरलेले धन आणि त्याभोवती शोकगीत गात फिरणारे बारा अश्वारूढ सरदार, असे ते वर्णन आहे.

काव्याच्या प्रारंभी दुसऱ्या एका राजाचे शव धनासह नौकेत ठेवून समुद्रात सोडले जाते. नौकेसह राजाला निरोप देण्याच्या या चालीला मातीची साक्ष मिळाली ती १९३९ साली, इंग्लंडातील सटन हू येथे. तेथे पुरलेल्या सुमारे २७ मीटर लांबीच्या नौकेचे लाकूड समूळ कुजले असता, रेतीवरचा डाग आणि ओळीने उरलेले लोखंडी खिळे एवढ्यावरून बेसिल ब्राउन या अल्पशिक्षित, स्वाध्यायी उत्खनकाने तिचा आकार अखंड उकलला. तेथील वस्तूंच्या संग्रहालयातील मांडणीत मात्र त्याचे नाव पुढे कित्येक वर्षे नव्हते, हा अन्याय माझ्या मनातून जात नाही. नौकेत शव दिसले नाही, कारण आम्लधर्मी माती हाडांतील खनिज विरघळवते. मागाहून सापडलेल्या फॉस्फेटच्या अंशांवरूनच तेथे देह असावा असे अनुमान निघाले.

आपल्या विदर्भात तर याहून हजारावर वर्षे जुनी शिलावर्तुळे, म्हणजे गोल मांडलेल्या धोंड्यांखालील दफने, आहेत. नागपूरनजीक जुनापाणी येथेच ती सुमारे तीनशे आहेत. माहुरझरी येथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९७० नंतर केलेल्या उत्खननात लोखंडी शस्त्रे, तांब्याच्या मुठीचा खंजीर आणि मृताबरोबर पुरलेले घोडे निघाले. त्या घोड्यांच्या मस्तकी तांब्याच्या पत्र्याचे अलंकार होते, तोंडात लोखंडी लगाम होते आणि हाडांवर शस्त्राचे वारही आढळले. इंग्रज कवीचे घोडे टेकाडाला फेरा घालून परत जातात. इकडचे घोडे धन्याबरोबर मातीत गेले. एवढा भेद समोर असता दोन्ही विधींचे मूळ एकच ठरविण्याची घाई मला मान्य नाही. शस्त्र आणि घोडा यांवर ज्यांची सत्ता उभी, ते समाज मृत धन्यासाठी तीच संपत्ती खर्ची घालतात, इतकेच यावरून सांगता येते.

वाचकांना विनंती एवढीच, की शेतात गोल मांडलेले मोठे धोंडे दिसले, तर ते बांधाला वा पायाला वापरण्यापूर्वी तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व खात्यास लेखी वर्दी द्यावी.