औषधपेटीत मलम टाकण्यापूर्वी



आपल्या मंडळ्यांनी पाड्यांसाठी पाठवलेल्या औषधपेट्यांबद्दल प्रभूचे आभार मानतो. पेट्या उघडल्या की दोन वस्तू दर वेळी सगळ्यांत जास्त निघतात: खाजेच्या मलमाच्या अर्ध्या वापरलेल्या नळ्या आणि अंगदुखीच्या उरलेल्या गोळ्या. त्या आम्ही बाजूला का काढून ठेवतो, असे एका काकूंनी विचारले. उत्तर लांबीचे आहे म्हणून इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आशाताईंबरोबर फिरताना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून जे समजले, तेवढेच सांगतो.

पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. ओले लुगडे, ओली चड्डी दिवसभर अंगावर राहते आणि कमरेला, जांघेत गजकर्ण उठते. ही बुरशी. दुकानात मागितल्याबरोबर मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते आणि माणूस खूश होतो. पण स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते, त्यामुळे बुरशी पसरतच राहते. मलम सोडले की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो. मग पुन्हा तेच मलम. असे काही महिने गेले की कातडी पातळ होते, जांघेत वळ पडतात आणि ते वळ सहसा कायमचे राहतात. गजकर्णाला स्टिरॉइड नसलेले साधे क्लोट्रिमाझोल लागते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते दोन आठवडे लावायचे असते. इतका धीर कोणाला नसतो, ही गोष्ट वेगळी.

शिवाय प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो. फिकट किंवा तांबूस, न खाजणारा, कापसाने हलका स्पर्श केला तरी न कळणारा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर पेटीतले मलम चोळत बसले की महिने वाया जातात आणि आत नस खराब होत राहते.

कुष्ठरोगाची औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात आणि रोग बरा होतो. अडचण निराळीच आहे. रिफॅम्पिसिन घेतले की लघवी लाल होते. माणसाला वाटते रक्त जाते आहे. क्लोफॅझिमिनने चेहरा, हात तांबूस-काळे पडतात, कातडी सुकते. लग्नाची बोलणी चाललेल्या एका मुलीने चौथ्या महिन्यात गोळ्यांची पाकिटे छपरात खोचून ठेवली. आई म्हणाली, करणी केली. आम्ही चार वेळा समजावले. उपयोग झाला नाही. शेवटी शेजारच्या पाड्यावरची एक मावशी आली. तिने हाच कोर्स पुरा केलेला. आपला उजळलेला चेहरा दाखवून ती म्हणाली, "मीपण अशीच काळी होते गं." मुलीने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. गोळ्या संपल्यावर हा रंग महिन्या-महिन्याने उतरतो आणि लघवीची लाली तर लवकरच जाते.

खरे भ्यायचे ते डॅप्सोनच्या काही खुणांना. अंगभर पुरळ, ताप, तोंड किंवा कातडी सोलवटणे, डोळे पिवळे होणे, चालताना धाप लागणे. यांतले काही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी केंद्र गाठायचे.

आता अंगदुखी. आवणीत दिवस-दिवस वाकून कंबर धरते. डायक्लोफेनॅकची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरता येते, म्हणून ती रोज घेतली जाते, तीही उपाशीपोटी. त्याने जठराला जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. उन्हात पाणी कमी प्यायले असेल तर मूत्रपिंडावरही ताण येतो. (हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले.) साध्या कंबरदुखीला गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक आणि मधून मधून पाठ सरळ करणे बरे.

घरगुती उपायांना मी नाके मुरडत नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयाने अंजिरांची ढेपच बांधायला लावली होती. पण टाचेच्या भेगांत बिब्बा घातला की कातडी भाजून फोड येतात, तेही घरगुतीच. आणि ज्याच्या हातापायाला बधिरपणा आहे त्याला शेक देऊच नये. चटका बसलेला त्याला कळत नाही. हात लुळा पडतो आहे, बोटे वाकताहेत, कोपराजवळची नस दुखते आहे, अशा वेळी "वात आहे" म्हणून चोळत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टर तेव्हा बहुधा प्रेडनिसोलोन देतात. तेही स्टिरॉइडच, पण योग्य वेळी, मोजून दिले तर हात वाचवते.

तेव्हा पेटीत काय टाकावे? खोबरेल तेल, अंगाचा साबण, सुती चादरी आणि पाय बुडतील एवढी घमेली. बधिर, कोरडे पाय साध्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून ओलसर असतानाच तेल लावले की भेगा पडत नाहीत. क्लोफॅझिमिनने सुकलेल्या कातडीलाही तेच तेल चालते. दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांच्या गाठोड्यात गोळ्यांच्या पाकिटांबरोबर तेलाची बाटलीही जावी, म्हणून सामान त्याआधी पोहोचले तर बरे होईल.