पेंड्रॅगन (खेळ)

पेंड्रॅगन (मूळ पूर्ण नाव : किंग आर्थर पेंड्रॅगन) हा राजा आर्थरच्या आख्यायिकांवर आधारलेला टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाभिनय खेळ (रोल-प्लेइंग गेम) आहे. अमेरिकन खेळरचनाकार ग्रेग स्टॅफर्ड यांनी तो निर्माण केला व केऑसियम या प्रकाशनसंस्थेने १९८५ मध्ये तो प्रथम प्रकाशित केला. यात प्रत्येक खेळाडू एका नाइटची, म्हणजे सरंजामी स्वाराची, भूमिका करतो, तर सूत्रधार कथानक व इतर पात्रे सांभाळतो.

पार्श्वभूमी

खेळाचा मुख्य साहित्यिक आधार सर टॉमस मॅलरी यांचा ‘ल मोर्त दार्थर’ हा ग्रंथ आहे. विल्यम कॅक्स्टन यांनी तो १४८५ मध्ये छापला. या परंपरेत नाइटची कीर्ती केवळ शस्त्रबळावर ठरत नाही. स्वामिनिष्ठा, प्रेम, दिलेला शब्द आणि आतिथ्य यांतील संघर्षातून आर्थरचे राज्य उभे राहते व अखेर कोसळते. हा संघर्ष खेळाच्या नियमांतच आणणे हे पेंड्रॅगनचे वैशिष्ट्य मानले जाते.

खेळाची पद्धत

कृतीचे यश वीस बाजूंच्या फाशाने ठरते. फाशावरील अंक कौशल्याच्या अंकाइतका किंवा त्याहून कमी आल्यास कृती साधते. नेमका तितकाच आल्यास विशेष यश मिळते.

प्रत्येक नाइटच्या स्वभावाची नोंद परस्परविरोधी गुणांच्या १३ जोड्यांत केली जाते. दया–क्रौर्य, औदार्य–स्वार्थ, नम्रता–गर्व, क्षमाशीलता–सूडबुद्धी या त्यांपैकी काही होत. प्रत्येक जोडीची बेरीज २० असते. एक गुण वाढला की दुसरा तितकाच घटतो. एखादा गुण १६ वा अधिक असेल, तर कसोटीच्या प्रसंगी सूत्रधार फासा टाकण्यास सांगू शकतो. दयेसाठी प्रसिद्ध असलेल्या नाइटने शरण आलेल्या शत्रूला ठार करायचे ठरवले, तरी फाशाचा कौल दयेकडे गेल्यास त्याला हात आवरावा लागतो.

स्वामिनिष्ठा, कुटुंबप्रेम, द्वेष यांसारख्या उत्कट भावनांनाही अंक असतात. त्यांच्या आवाहनाने युद्धात असामान्य बळ मिळू शकते. मात्र फासा उलटल्यास नाइट खिन्न होतो, क्वचित वेडाच्या भरात रानोमाळ भटकतो. मॅलरीच्या ग्रंथात राणी गिनिव्हिअरने झिडकारल्यावर लान्सलॉटचीही अशीच अवस्था होते.

हिवाळा आणि वंश

सामान्यतः एका वर्षात एकच साहस घडते. वर्षाच्या अखेरीस ‘हिवाळी टप्पा’ येतो. त्यात कौशल्यवाढ, जहागिरीचे उत्पन्न, घोड्यांचे आरोग्य, विवाह, अपत्यजन्म आणि वार्धक्य यांचा हिशेब होतो. नाइट मेला वा थकला की खेळाडू त्याच्या वारसाची भूमिका घेतो. वारसाकडे जमीन व पित्याच्या कीर्तीचा काही अंश येतो, आणि जुनी वैरेही येऊ शकतात. पात्राचा मृत्यू हा त्यामुळे खेळाचा शेट नसून घराण्याच्या कथेतील एक प्रकरण ठरतो.

द ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन

२००६ मध्ये प्रकाशित झालेल्या या ग्रंथात इ.स. ४८५ पासून आर्थरच्या राज्याच्या अस्तापर्यंतच्या सुमारे ऐंशी वर्षांचा वर्षवार आराखडा आहे. त्यास २००७ चा डायना जोन्स पुरस्कार मिळाला. कथाकाळ पुढे सरकतो तशी चिलखते, शस्त्रे व दरबारी रीती मध्ययुगाच्या प्रारंभापासून अखेरीपर्यंत बदलत जातात. हा कालविपर्यास हेतुपुरस्सर आहे. आख्यायिकाही निरनिराळ्या शतकांत अशाच घडत गेल्या.

आवृत्त्या

खेळाचे हक्क पुढे ग्रीन नाइट, व्हाइट वुल्फ व नॉक्टर्नल मीडिया या संस्थांकडे गेले आणि २०१८ मध्ये केऑसियमकडे परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्ड यांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेल्या सहाव्या आवृत्तीचा मुख्य नियमग्रंथ २०२४ मध्ये प्रकाशित झाला.

प्रभाव आणि मर्यादा

स्वभाव व भावना यांना नियमांत मध्यवर्ती स्थान देणाऱ्या आरंभीच्या खेळांत पेंड्रॅगनची गणना होते. फाशाने पात्राचे वर्तन ठरवल्यास खेळाडूचे स्वातंत्र्य कमी होते, हा त्यावरील प्रमुख आक्षेप. समर्थकांच्या मते, आपल्याच स्वभावापुढे हतबल होणारा वीर हाच या आख्यायिकांचा गाभा आहे.