रुसलेली ठिणगी

पवनानगरला आमच्या भाऊजींचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे. समोर पवना धरणाचे पाणी, एका अंगाला तुंग, दुसऱ्या अंगाला तिकोना. अशा ठिकाणी माणसाने चटई टाकून स्वस्थ पडावे. पण भाऊजींना स्वस्थ पडणे ठाऊक नाही. त्यांच्यापाशी एक लहान बोट आहे आणि तिच्या मागे लावायचे एक जुने इंजिन. हे इंजिन त्यांच्या वडिलांचे. वडील गेले, पण दोरी ओढली की इंजिन खाकरत असे, आणि भाऊजी म्हणत, ‘‘बघा, अण्णा उठले!’’

गेल्या वर्षी पितृपक्षातल्या एका रविवारी आम्ही चौघे त्या बोटीत बसलो : भाऊजी, मी आणि दोन भाचरे. अंगात लाइफ जॅकेटे होती, ही त्यातली एकच शहाणपणाची गोष्ट. वीसेक मिनिटे छान गेली. मग इंजिनाने एक उचकी दिली आणि ते गप्प झाले. भाऊजींनी दोरी ओढली, मी ओढली, पुन्हा भाऊजींनी ओढली. सूर्य कलला होता आणि वारा बोटीला किनाऱ्यापासून दूर नेत होता. वल्ही? ती घरी, पडवीत. धाकट्या भाचीने हळूच माझा हात धरला, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

अखेर एका नावाड्याने आम्हांला दोर बांधून ओढून आणले. किनाऱ्यावर ताई उभी होती. ती रागावली नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे ती शांतपणे बोलली, ‘‘वसुबारसेपर्यंत हे दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर भंगारवाल्याला द्यायचं. अण्णांची आठवण म्हणून माझी मुलं बुडवायची नाहीत.’’

मी बँकेत हयात घालवलेला माणूस. पण तरुणपणी जुनी स्कूटर बाळगली असल्याने ‘प्लग-पॉइंट’ ही विद्या थोडी अवगत होती. शिवाय वल्ही मारून कंटाळलेल्या माणसाचीच ही इंजिने. अमेरिकेत ओल एव्हिनरूड नावाचा एक कारागीर 1906 साली प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणत होता. वल्हवता वल्हवता ते वितळले आणि त्याच्या डोक्यात बोटीच्या पाठीला लावायच्या इंजिनाने घर केले. 1909 साली तो अशी इंजिने विकू लागला. प्रेमापोटी निघालेले यंत्र आमच्याच घरात तंटा लावील, हे त्याला काय ठाऊक!

पहिला प्रश्न साधा होता : पेट्रोल नाही की ठिणगी नाही? प्लग काढला तो पेट्रोलने ओला निघाला. म्हणजे पेट्रोल येत होते. रुसली होती ती ठिणगी. अशा जुन्या इंजिनात ठिणगीसाठी बॅटरी नसते. चाकात बसवलेले लोहचुंबक कॉइलपाशी फिरते आणि वीज उपजते. फॅरडेने 1831 साली दाखवलेला हाच तो चमत्कार. नेमक्या क्षणी ‘पॉइंट’ उघडतात, प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगच्या टोकांत ठिणगी उडते.

पहिल्या रविवारी नवा प्लग घातला. पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन चालवले, कारण पाण्यावाचून असे इंजिन तापून जळते. वीस मिनिटांनी ते बंद! मग बंद करायच्या बटणाची तार सोडवली. घरच्या दिव्याचे बटण तार तोडून दिवा घालवते. इथे तार इंजिनाच्या धातूला जोडली की ठिणगी मरते. ती तार कुठे घासून धातूला टेकली असेल, असा संशय होता. तो फोल ठरला.

दुसऱ्या रविवारी पुलर लावून चाक काढले. पॉइंट काळवंडले होते. ते घासून पुसले, फट अर्ध्या मिलिमीटरची ठेवली, कंडेन्सर नवा बसवला. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झाले आणि भाऊजींनी मला मिठी मारली. विसाव्या मिनिटाला मिठी सुटली. हिशेबात एक चूक सापडली म्हणजे तीच ती चूक, असे नसते. हे बँकेत शिकलेलो मी इथे विसरलो होतो.

तिसऱ्या रविवारी तोच नावाडी डोकावला. मी म्हणालो, ‘‘अहो, तपासतो तेव्हा ठिणगी अगदी झकास असते.’’ तो हसून म्हणाला, ‘‘सायेब, पान्यातलं वाघेश्वराचं देऊळ बगायचं तर उन्हाळ्यात पानी उतरल्यावर यावं लागतंय. आत्ता येऊन न्हाईच म्हनलं तर कसं चालंल?’’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिन मरत होते तापल्यावर, आणि मी तपासत होतो ते निवल्यावर! कॉइल काढून टेबलावर ठेवली, मीटर लावला. थंड असताना काटा नीट दाखवत होता. मग आमच्या सौ.चे केस वाळवायचे यंत्र आणून कॉइलवर गरम वारा सोडला. थोड्या वेळाने काटा थरथरला आणि पार खाली पडला. निवल्यावर पुन्हा वर! केसासारख्या त्या तारेला आत कुठेतरी तडा होता. थंडपणी टोके टेकत, तापली की दुरावत.

मुंबईच्या एका जुन्या दुकानातून तशीच कॉइल मिळाली. ती बसवून पिंपात इंजिन तासभर चालवले. कोणी बोलत नव्हते. सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. विसावे मिनिट गेले, तिसावे गेले, साठावेही गेले.

वसुबारसेच्या सकाळी ताई स्वतः बोटीत बसायला आली. तिच्या दोन्ही काखांत काहीतरी लांबलचक होते.

‘‘हे काय, ताई?’’ मी विचारले.

‘‘वल्ही,’’ ती म्हणाली. ‘‘अण्णांवर माझा विश्वास आहे, पण तुम्हां दोघांवर नाही.’’

भाऊजींनी मुकाट्याने वल्ही बोटीत ठेवली आणि दोरी ओढली. अण्णा उठले.