रॅमचा वेग आणि बेताचा दाब
शिक्षकमित्रहो, संगणकाची रॅम नेमल्या वेगाहून जोरात पळवता येते, हे खरे. पण वेग वाढला की कित्येकदा विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि दाबाबरोबर उष्णता वाढते. डीडीआर-४ रॅमचा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट. पुष्कळ वेगवान पट्ट्यांवर कंपनीच १.३५ लिहून देते. आपल्या पट्टीवर लिहिलेला आकडा हीच मर्यादा समजा.

वेग एकेक पायरीने वाढवा. दर पायरीला मेमटेस्ट ही चाचणी घ्या. शेवटी ती रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक निघाली, तरी मागे फिरा. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी! पण स्मृतीतला एकच बिट गुपचूप उलटला, तर ७२ गुणांचे ८ होतात आणि पोराचे वर्ष जाते.