गाणे एक, ध्वनिमुद्रणे अनेक

चांदूर रेल्वेच्या परिसरात भजनी मंडळातल्या कुणाचाही मोबाइल घेऊन बघा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने त्यात असणारच. महाराजांचे गुरुकुंज मोझरी इथून जवळ. खंजिरीचा ठेका इथल्या पोरांच्या कानावर लहानपणीच पडतो. पण फायलींची नावे वाचा : ‘भजन 1’, ‘भजन नवीन’, ‘ट्रॅक 07’. एखादे लावले की कुणीतरी विचारतो, ‘‘हे कोनाच्या आवाजातलं आहे बाप्पा?’’ महाराज 1968 साली गेले. त्यांचा स्वतःचा आवाज आणि पुढे इतरांनी म्हटलेली त्यांचीच भजने एकाच नावाखाली मिसळून गेली, तर या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

संगीताची सूची करणाऱ्यांपुढे जगभर हाच पेच असतो. त्यासाठी ते तीन गोष्टी वेगळ्या धरतात. शब्द आणि चाल मिळून होते ती रचना. ती रचना एका वेळी गायली गेली आणि टिपली गेली, ते ध्वनिमुद्रण. ते ज्या तबकडीवर, कॅसेटवर किंवा सीडीवर लोकांपर्यंत पोचले, ते प्रकाशन.

गीतरामायण घ्या. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक अशी 56 गाणी प्रसारित झाली. तेव्हा सुधीर फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक आवाज होते. नंतरच्या लाँग प्ले तबकड्यांवर मात्र फडक्यांचाच आवाज आहे. रचना त्याच, ध्वनिमुद्रणे निराळी. त्याच तबकड्यांची पुढे कॅसेट निघाली, सीडी निघाली. तेव्हा प्रकाशने वाढली, ध्वनिमुद्रण वाढले नाही.

वसंतराव तर आपल्याच रेल्वेमार्गावरच्या मूर्तिजापूरचे. त्यांनी गाजवलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 1967 चे नाटक. त्यातल्या ‘घेई छंद’ या पदाला नाटकातच दोन चाली आहेत. 2015 साली चित्रपट आला तेव्हा ते पुन्हा नव्या आवाजांत मुद्रित झाले. सूचीत नुसते ‘घेई छंद’ लिहिले, तर कोणती चाल, कोणाचा गळा, काहीच कळत नाही.

स्वयंसेवकांनी उभारलेल्या ‘म्यूझिकब्रेन्झ’ या खुल्या सूचीचे नियम साधे आहेत. पुन्हा गायले तर नवी नोंद. तेच गायन कापून लहान केले, किंवा वाद्ये-आवाजांचे मिश्रण बदलले, तरी नवी नोंद. फक्त खरखर काढून आवाज उजळला, तर नोंद जुनीच. व्यावसायिक ध्वनिमुद्रणांना ‘आयएसआरसी’ नावाचा 12 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. पूर्वी हेच काम लाखेच्या तबकडीवर लेबलजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक करायचा. लेबल बदलले, तबकडी नव्याने विक्रीला आली, तरी त्या क्रमांकावरून जाणकार मूळ मुद्रण ओळखतात.

गावच्या भजनाला असा क्रमांक कोण देणार? ते आपल्यालाच करावे लागेल. दोन मुद्रणे चुकून एक मानली, तर एका गायकाचे नाव पुसले जाते. त्याच्यासोबत खंजिरी, पेटी, तबला वाजवणाऱ्यांचेही पुसले जाते. त्यांची नावे बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसतात.

म्हणून एवढे करा. फायलीला नाव देताना पाच गोष्टी लिहा : भजन, गायक, साथीदार, ठिकाण, साल. जे ठाऊक नाही, तिथे ‘माहीत नाही’ असे लिहा, अंदाज ठोकू नका. आणि आज सायंप्रार्थना झाली की मंडळातल्या सर्वांत जुन्या माणसाशेजारी बसून एकेक फाइल लावा. आवाज ऐकून नाव सांगू शकणारी ही माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच ही नोंद होऊ शकते.