नाव पाताळगंगा, पाणी मात्र वरचं!

खोपोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कर्जतच्या पुढे जाणाऱ्या लोकलचं शेवटचं स्टेशन, पावसाळ्यातला झेनिथचा धबधबा आणि एक्स्प्रेस-वेवरची पाटी. बरोबर ना? पण लोकल इथेच का संपते, याचा कधी विचार केलाय?

कारण पुढे उभा आहे बोरघाट. घाट चढणाऱ्यांचा हा जुना मुक्काम. पेशवाईत नाना फडणवीसांनी इथे महादेवाचं मंदिर आणि मोठा तलाव बांधला. 1856 मध्ये रेल्वे आली, तीही घाटाच्या पायथ्याशी थांबली. 1858 मध्ये वर खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट प्रवाशांनी पालखीतून नाहीतर तट्टावरून पार करायचा! 1863 मध्ये घाटातून रेल्वे गेली, ती खोपोलीला बाजूला ठेवूनच.

खरी गंमत नदीची आहे. लोणावळ्याच्या माथ्यावरचा पाऊस खरं तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला जायचा. टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवता इथे धरणं बांधून तो अडवला आणि भल्यामोठ्या पाइपांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीत उतरवला. 1915 मध्ये इथली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांकडे निघाली. टर्बाइन फिरवून झालं की हे पाणी पाताळगंगेत येतं आणि धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. एका पावसाचा समुद्रच बदलला!

कोकणात पाऊस धो धो पडतो, तरी बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात. पाताळगंगा मे महिन्यातही वाहते, ती या पाण्याच्या जिवावर. रसायनीचे कारखाने आणि काठावरची गावं तिच्यावर अवलंबून आहेत. तिकडे भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की मागणी होते, ‘आमचं पाणी परत द्या.’ त्यांची तहान खोटी नाही. पण पाणी वरच राहिलं, तर खालच्यांनी काय करायचं?

वीज उद्या सूर्यापासूनही मिळेल. नदी मात्र दुसरीकडून आणता येणार नाही. त्यामुळे हा हिशेब फक्त मेगावॅटचा नाही, दोन्ही बाजूंच्या हंड्यांचा आहे. आणि तो मांडायची वेळ येईल, तेव्हा टेबलाशी तुमचीच पिढी बसलेली असेल. म्हणून पुढच्या वेळी खोपोलीला गेलात, तर रील झाल्यावर डोंगरावरून उतरणारे ते पाइपही बघा. नदी तिथून सुरू होते.