तीन स्वरांचे ऋण

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, हंबर नदीच्या मुखाशी हल नावाचे एक जुने बंदर आहे. तेथील नगरसभागृहात १५ जून २०१९ रोजी एक आगळी मैफल झाली. व्यासपीठावर हल फिलहार्मोनिक हा त्या शहरातील हौशी वादकांचा वाद्यवृंद होता. व्हायोलिन, चेलो, बासऱ्या, तुताऱ्या असा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा सारा सरंजाम सिद्ध होता. परंतु त्यावर वाजले ते बेथोवेन वा मोझार्ट यांचे संगीत नव्हे, तर १९८० च्या दशकात मुले घरगुती संगणकावर जे खेळ खेळत, त्या खेळांचे संगीत! 'आठ बिटांची सिंफनी' अशा अर्थाचे नाव त्या मैफलीला दिले होते.

पोरांच्या खेळातील पिपाणीवजा आवाजासाठी एवढा थाट कशाला, असा प्रश्न कोणा सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर हवे असेल, तर ते संगीत कोणत्या परिस्थितीत जन्मले हे आधी पाहिले पाहिजे.

१९८२ साली अमेरिकेत 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक विक्रीस आला. त्याची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. ध्वनिनिर्मितीसाठी त्यात 'सिड' नावाची एक चिप बसविली होती. ती बॉब यानेस या तरुण अभियंत्याने रचली. त्या काळच्या इतर संगणकांच्या मानाने ती फारच गुणी होती. तरीही तिच्यातून एका वेळी तीनच स्वर निघत. त्या तिहींतच चाल बसवायची, खर्जाची साथ द्यायची आणि तालही धरायचा. शिवाय खेळात बंदुकीचा बार उडाला, की पुष्कळदा त्या आवाजासाठी तिहींपैकी एक स्वर काढून द्यावा लागे.

या अडचणीतून रचनाकारांनी वाटा शोधल्या. पाश्चात्त्य संगीतात ज्याला कॉर्ड म्हणतात, त्यात किमान तीन स्वर एकत्र वाजावे लागतात. येथे तर सगळी पुंजीच तिघांची. तेव्हा एकाच स्वरस्थानावर तीन सूर आळीपाळीने, सेकंदाला पन्नास बदल होतील इतक्या वेगाने फिरविण्याची युक्ती निघाली. कानाला ते सूर सुटे न वाटता एकवटल्यासारखे वाटतात आणि त्यातून एक विलक्षण थरथर निर्माण होते. रचनाकाराला केवळ सुरांची जाण असून भागत नसे. यंत्राच्या भाषेत आज्ञावली लिहिण्याची विद्याही लागे. त्यांच्यातील कित्येकांनी आपले 'वाद्य' प्रथम आज्ञावलीतून घडविले आणि मग ते वाजविले.

या मंडळींतील अग्रणी म्हणजे रॉब हबर्ड. जन्म १९५५ चा, आणि जन्मगाव हेच हल. १९८५ साली 'माँटी ऑन द रन' या खेळासाठी त्यांनी सुमारे सहा मिनिटांची एक वेगवान रचना केली. चार्ल्स विल्यम्स यांच्या 'डेव्हिल्स गॅलप' या वाद्यवृंदरचनेची छाया तीवर स्पष्ट आहे. बी.बी.सी. नभोवाणीवरील 'डिक बार्टन' या गुप्तहेरकथामालेमुळे ती धून इंग्लंडमध्ये घरोघर पोचली होती. म्हणजे जी चाल मुळात वाद्यवृंदाची, ती तीन स्वरांच्या यंत्रात येऊन सर्वस्वी निराळी झाली, आणि हबर्ड यांच्या हातचे ते नवे रूप घेऊन पुन्हा वाद्यवृंदाकडे परतली.

जपानमध्ये हा प्रवास पुष्कळ आधी सुरू झाला होता. कोइची सुगियामा हे तेथील नावाजलेले संगीतकार. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाला संगीत देताना त्यांच्या मनात वाद्यवृंदच होता. २० ऑगस्ट १९८७ रोजी टोकियोच्या सनटोरी सभागृहात त्याची मैफल झाली. या प्रकारातील ती पहिली मानली जाते. युरोपात अशी मैफल व्हावयास २००३ साल उजाडले, आणि तीही झाली ती लाइपझिग या बाखच्या कर्मभूमीत. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनप्रसंगी खेळाडूंचे संचलन सुरू झाले ते सुगियामांच्याच सुरांवर. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३० सप्टेंबर रोजी, ते निवर्तले. २०२२ साली लंडनच्या सुप्रसिद्ध प्रॉम्स संगीतमहोत्सवातही खेळांच्या संगीताला एक संध्याकाळ मिळाली.

तथापि केवळ साठ-सत्तर वादक बसविले म्हणजे वंदना होते असे नाही. वाद्यवृंदासाठी मांडणी करणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहतो. ती भिरभिरणारी स्वरमालिका सरळ कॉर्ड करून व्हायोलिनांना द्यावी काय? तसे केले तर माधुर्य वाढते, पण थरथर जाते. आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणात नेमकी ती थरथरच असते. ती हार्प वा बासऱ्यांकडे सोपवून जशीच्या तशी राखावी, तर वादकांच्या श्वासाची नि बोटांची कसोटी लागते, कारण यंत्राला श्वास घ्यावा लागत नव्हता. मूळ रचनाकाराला जे म्हणावयाचे होते पण यंत्राने म्हणू दिले नाही, ते पुरे करावे. आणि यंत्राच्या अडवणुकीतून जे अपूर्व निपजले, त्याला धक्का लावू नये. माझ्या मते हे दुहेरी भान जेथे राखले जाते, तेथेच ती वंदना ठरते. एरवी गरिबाघरच्या लेकीला उसने दागिने घालून मिरविण्यासारखे ते होते.

वाचकहो, लोकांच्या आवडीच्या संगीताला हलके लेखण्याची चूक आपल्याकडेही झालेली आहे. १९५२ साली केंद्रीय नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. अभिजात संगीताविषयीची त्यांची तळमळ खरी होती. पण श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. आज तीच गीते मोठमोठे वाद्यवृंद आदराने सादर करतात. १९९० च्या दशकात आपल्याही अनेक घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे व्हिडिओ गेम आले. कोजी कोंडो यांची 'मारिओ'ची धून त्या पिढीच्या कानांत अजून आहे. वडीलधाऱ्यांनी तेव्हा त्याला 'कटकट' म्हटले. ती धून कोणी तरी जीव ओतून रचली असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही.

असा आदर वेळेवर पोचला तर त्याचे मोल अधिक. 'द लास्ट निंजा' (१९८७) या खेळाच्या दोघा संगीतकारांपैकी एक, बेन डॅगलिश, हलच्या मैफलीपूर्वी साडेआठ महिने, १ ऑक्टोबर २०१८ रोजी वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी वारले. ते स्वतः बासरी वाजवीत. हबर्ड अधिक भाग्यवान ठरले. स्कॉटलंडमधील अॅबर्टे विद्यापीठाने २०१६ साली त्यांना सन्माननीय पदवी दिली. आणि तीन वर्षांनी, त्यांच्या हयातीत, त्यांच्याच जन्मगावच्या हौशी वादकांनी त्यांचे सूर हाती घेतले. ज्या यंत्रासाठी ते रचले गेले, ते केव्हाच बाजारातून गेले आहे. सूर मात्र आता कागदावर उतरले आहेत, आणि कोणत्याही गावच्या वादकांना ते उचलून वाजविता येतील.